गाडीत हँडीचा आवाज ऐकू येत नाही: अ‍ॅम्प्लिफायर लावण्याआधी

कराडच्या एका हौशी रेडिओ परवानाधारकांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे बाओफेंगचा यूव्ही-५आर हँडी, म्हणजे हातात धरायचा वायरलेस सेट आहे. बोलेरोतून कुंभार्ली घाटाने चिपळूणकडे जाताना व्हॉल्यूम शेवटपर्यंत फिरवला तरी समोरचा काय बोलतोय ते कळत नाही, गाडी थांबवली की कळतं. त्यांचा विचार आहे की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वीस वॅटचं अ‍ॅम्प्लिफायर मोड्यूल आणून जोडावं. पूर आला की त्यांचा ग्रुप मदतीला जातो, म्हणून चालत्या गाडीत संदेश ऐकू येणं त्यांच्यासाठी महत्त्वाचं आहे.

२०२१ च्या जुलैत वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा मोबाइल बंद पडल्यावर काय हाल होतात ते त्या भागाने पाहिलं आहे. त्यामुळे हा प्रश्न मी गंभीरपणेच घेतो. वायरलेस सेट दुरुस्त करणं आणि ते गाड्यांमध्ये बसवणं हे माझं रोजचं काम आहे, आणि "आवाज वाढवून द्या" ही त्यातली सगळ्यात नेहमीची मागणी.

आधी प्रश्न थोडा सरळ करून घेऊ. तुम्हाला आवाज मोठा नको आहे, शब्द कळायला हवे आहेत. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बारीक पण स्वच्छ आवाजातले शब्द कळतात. मोठा पण फाटलेला आवाज नुसतं डोकं उठवतो, शब्द तरीही हरवतातच. वीस वॅटचं मोड्यूल फाटलेला आवाज वीस वॅटने फाटलेला देईल. म्हणून शब्द नेमके कुठे हरवतात ते आधी शोधायचं.

त्यासाठी एक साधी चाचणी करा. गाडी उभी, इंजिन बंद, काचा वर. हँडी कानापासून हातभर अंतरावर धरा आणि ओळखीच्या स्टेशनला दोन-तीन मिनिटं बोलायला सांगा. व्हॉल्यूम अर्ध्यावर ठेवून शब्द स्वच्छ कळले, तर सेट ठीक आहे आणि भांडण गाडीच्या आवाजाशी आहे. तिथेही शब्द पुसट येत असतील किंवा मागे सतत खरखर असेल, तर दोष सिग्नलचा किंवा सेटिंगचा आहे आणि अ‍ॅम्प्लिफायरने त्यात काडीचा फरक पडणार नाही. तुम्ही म्हणता थांबल्यावर ऐकू येतं, म्हणजे तुमचं बहुधा पहिल्या प्रकारात बसेल. पण घाटात दोन्ही दोष एकत्र असू शकतात, म्हणून दुसरा आधी निकालात काढतो.

बोलेरोची बॉडी पत्र्याची. आत ठेवलेल्या हँडीच्या रबरी अँटेनाला बाहेरचा सिग्नल खिडक्यांमधून जेवढा येईल तेवढाच मिळतो. घाटात डोंगर आडवा आला की तोही जातो. एफएममध्ये सिग्नल कमी झाला की आवाज बारीक होत नाही, त्यात खरखर मिसळत जाते, आणि माणूस आपोआप व्हॉल्यूम वाढवतो. त्याने खरखरही वाढते. यावर उपाय एकच: टपावर चुंबकी बेसची अँटेना. १४५ मेगाहर्ट्‌झसाठी पाव तरंगलांबीची काडी साधारण ४९ ते ५० सेंटिमीटर भरते. ती टपाच्या मधोमध ठेवली की पत्र्याचाच तिला आधार मिळतो. केबल दाराच्या रबरातून आत घ्या, पण दाराच्या कडेत चेपू देऊ नका. ही अँटेना लावल्यावर "आवाज वाढला" असं सांगणारे लोक मला नेहमी भेटतात. वाढलेला नसतो, स्वच्छ झालेला असतो.

दुसरी गोष्ट फार कमी जण बघतात, म्हणून जरा थांबून सांगतो. तुमच्या सेटच्या मेन्यूत पाचव्या क्रमांकावर डब्ल्यूएन आहे, म्हणजे वाइड की नॅरो. वाइडमध्ये बोलण्याबरोबर फ्रीक्वेन्सी दोन्ही बाजूंना पाच किलोहर्ट्‌झपर्यंत हलते, नॅरोमध्ये अडीचपर्यंत. समोरचा नॅरोवर बोलतोय आणि तुमचा सेट वाइडवर ऐकतोय असं झालं, की तुमच्याकडे आवाज जवळजवळ अर्ध्या पातळीचा येतो. सेटमध्ये काहीही बिघडलेलं नसतं. उलट झालं तर, म्हणजे समोरचा वाइड आणि तुम्ही नॅरो, आवाज मोठा येतो पण जोरात बोललं की फाटतो. ग्रुपमध्ये काहींचा आवाज नेहमी बारीक आणि काहींचा नेहमी मोठा येत असेल तर संशय इथेच घ्या. सगळ्यांनी एकच सेटिंग ठेवायचं ठरवा. याला खर्च काहीच नाही.

आता गाडीच्या आवाजाकडे येऊ. हँडीतला स्पीकर रुपयाच्या दोन-तीन नाण्यांएवढा असतो, आणि त्याला मिळणारी ताकद कंपनीच्या दाव्यानुसारही एक वॅटच्या आसपास. नावाजलेल्या कंपन्यांच्या काही हँडींत ती अर्ध्या वॅटहून कमी असते. डिझेल इंजिन, टायर, वारा आणि टपावर पाऊस यांच्यापुढे तो स्पीकर तोकडा पडणारच. पण इथे एक हिशेब लक्षात घ्या. वॅट दुप्पट केले तर वाढ फक्त तीन डेसिबलची, कानाला "जरासा वाढला" एवढीच जाणवते. दुप्पट मोठा वाटायला दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. उलट स्पीकर मोठा घेतला आणि तो कानाजवळ आणला, तर तेवढाच फरक एकही जादा वॅट न लावता मिळू शकतो. अंतर अर्ध्यावर आणलं की मोकळ्या जागेत सहा डेसिबल मिळतात. गाडीच्या आत थोडे कमी, पण मिळतात.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी बाहेरचा स्पीकर, मग त्याची जागा, मग स्वराची छाटणी, आणि एवढं करूनही पुरलं नाही तरच अ‍ॅम्प्लिफायर.

स्पीकर आठ ओहमचा, तीन ते चार इंचांचा, बंद डबीतला घ्या. वायरलेससाठी म्हणून मिळणारे छोटे स्पीकर चांगले, कारण ते बोलण्याच्या पट्टीसाठीच केलेले असतात. गाडीच्या दाराचा जुना स्पीकर घरात पडलाय म्हणून तोच जोडायचा मोह होतो, पण तो सहसा चार ओहमचा असतो. हँडीच्या आतल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला त्याने जास्त करंट द्यावा लागतो, तो तापतो आणि आवाज लवकर फाटतो. चार ओहमचे दोन असतील तर ते एकापुढे एक जोडून आठ करता येतात.

जागेबद्दल. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्याचा उजवा कान खिडकीला असतो आणि वाऱ्याचा मारा तिकडूनच येतो. म्हणून स्पीकर डावीकडे हवा: दोन पुढच्या सीटांच्या मधे, खांद्याच्या उंचीला, तोंड कानाकडे. डॅशबोर्डवर ठेवला तर आवाज काचेवर आपटून घुमतो. पायाशी ठेवला तर सीट आणि मांड्याच तो शोषून घेतात. कप होल्डरमध्ये हँडी उलटा खोचून "ऐकू येत नाही" म्हणणाऱ्यांना मी आधी तो फिरवायला लावतो.

कानात दोन्हीकडे इअरफोन घालून गाडी चालवणं मात्र मला मान्य नाही. घाटात मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. शेजारी बसलेला माणूस सेट सांभाळत असेल तर त्याने हेडफोन घालावा, आणि पुराच्या कामात खरं तर अशीच विभागणी असावी. चालकाने गाडी चालवावी, दुसऱ्याने बोलावं आणि लिहून घ्यावं.

स्वराची छाटणी म्हणजे काय ते सांगतो. इंजिन आणि टायर यांची घरघर मुख्यतः खालच्या सुरात असते. माणसाचे शब्द ओळखू येतात ते व्यंजनांवरून, आणि ती साधारण एक ते तीन हजार हर्ट्‌झच्या पट्टीत असतात. म्हणजे खालचा सूर वाढवून काही मिळत नाही, तो घरघरीतच विरघळतो आणि स्पीकरचा पडदा उगाच हलवतो. आठ ओहमच्या स्पीकरच्या एका वायरीत ४७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर, म्हणजे कुठल्याही दिशेने जोडला तरी चालणारा, कपॅसिटर टाका. सुमारे ४२० हर्ट्‌झच्या खालचा भाग उतरायला लागतो. घरात बसून ऐकलं तर आवाज पातळ वाटेल. गाडी साठच्या वेगाने धावत असताना ऐका, तोच आवाज धारदार आणि स्वच्छ वाटेल. हा कपॅसिटर काही रुपयांत मिळतो आणि माझ्या अनुभवात वीस वॅटच्या मोड्यूलपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आता जोडणी. इथे तुमच्या सेटची एक खोड आहे. त्याला दोन भोकं असतात, एक साडेतीन मिलिमीटरचं आणि एक अडीचचं. स्पीकरचा आवाज अडीचच्या पिनेच्या टोकावर येतो. बोलण्याचं बटण म्हणजे पीटीटी, ते या दोन पिनांच्या बाहेरच्या नळ्या एकमेकींना जोडूनच काम करतं. म्हणजे तुम्ही दोन्ही पिना लावल्या आणि दोन्हींच्या नळ्या एकत्र करून गाडीच्या बॉडीला अर्थ केल्या, तर सेटला वाटतं बटण दाबलंय आणि तो सतत प्रसारण करत बसतो. तुम्हाला काही ऐकू येत नाही, आणि रिपीटर, म्हणजे सगळ्यांचे संदेश पुढे पाठवणारं स्टेशन, अडवल्यामुळे बाकीच्यांनाही नाही. पुराच्या वेळी हे किती घातक आहे ते वेगळं सांगायला नको. म्हणून फक्त ऐकायचं असेल तर त्या सेटसाठी बनवलेली तयार केबल किंवा स्पीकर-माइक घ्या. स्पीकर-माइकला अनेकदा इअरफोनचं भोक असतं, बाहेरचा स्पीकर तिथून घेणं सगळ्यात सुरक्षित. जोडल्यावर सेटचा लाल दिवा लागलेला नाही ना, ते पहिल्यांदा बघा.

दुसरा धोका सगळ्याच छोट्या सेटना लागू आहे, नुसत्या ऐकायच्या रिसीव्हरनाही. काही सेटमधला आतला अ‍ॅम्प्लिफायर ब्रिज पद्धतीचा असतो. त्यात स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात, एकही अर्थ नसते. तशी एक तार गाडीच्या बॉडीला किंवा स्टिरिओच्या अर्थला लागली तर आवाज बंद होतो आणि अ‍ॅम्प्लिफायरची आयसी, म्हणजे चिप, जाऊ शकते. तपासायला सेट बंद करा, मल्टिमीटर ओहमवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं स्पीकर जॅकच्या बाहेरच्या नळीला लावा. शून्याजवळ आकडा आला तर ती नळी अर्थ आहे. नाही आला तर थेट जोडू नका, मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका; तो दोन बाजूंच्या तारा एकमेकींना न जोडता आवाज पुढे देतो.

गाडीच्या स्टिरिओला ऑक्स, म्हणजे बाहेरचा आवाज घ्यायचं भोक, असेल तर तोही मार्ग आहे, आणि दारातले चार स्पीकर आयतेच मिळतात. पण ऑक्सला अपेक्षित असतो लाइनचा, म्हणजे कमी व्होल्टचा सिग्नल. आठ ओहमवर एक वॅट म्हणजे २.८ व्होल्ट, तेवढा थेट दिला तर स्टिरिओच्या तोंडालाच आवाज फाटतो. मधे एक किलो-ओहम आणि शंभर ओहमची विभागणी केली की तो पाव व्होल्टवर येतो. ते करायचं नसेल तर हँडीचा व्हॉल्यूम साधारण एक तृतीयांशावर ठेवा आणि बाकीचं स्टिरिओवर वाढवा. स्टिरिओचा बास पूर्ण खाली.

ब्लूटूथबद्दल मला नेहमी विचारतात. संगीताला ते ठीक, वायरलेसला नाही. बरेच ब्लूटूथ स्पीकर शांतता असली की वीज वाचवायला झोपतात आणि आवाज आला की जागे होतात. जागं होईपर्यंत पहिला शब्द गेलेला असतो, आणि पहिला शब्द म्हणजे बहुधा कॉलसाइन (स्टेशनची ओळख) किंवा गावाचं नाव. लायटरमध्ये लावायचे एफएम ट्रान्समीटरही मी सुचवत नाही. घाटात रेडिओवरची मोकळी जागा पुण्याजवळ आलं की भरते आणि ऐन वेळी तुमच्या संदेशावर गाणं चढतं.

एवढं सगळं करूनही कमी पडलं, तर अ‍ॅम्प्लिफायर लावा. पण वीस वॅटचा नको. एका माणसाला पत्र्याच्या केबिनमध्ये ऐकायला तीन ते सहा वॅट पुष्कळ होतात. बाजारात पीएएम-८४०३ चं नखाएवढं मोड्यूल स्वस्तात मिळतं. ते पाच व्होल्टचं आहे, गाडीचे बारा दिले की जळतं. शिवाय त्याचं आउटपुटही ब्रिज आहे. आणि हे मोड्यूल क्लास-डी, म्हणजे फार वेगाने चालू-बंद होत चालणारं, असल्याने ते स्वतः रेडिओ लहरींचा कचरा करतं. अँटेनाजवळ ठेवलं तर दुबळी स्टेशनं त्यात बुडतात. मी टीडीए-२००३ वापरतो. ही जुनी आयसी गाडीच्या रेडिओसाठीच बनवलेली आहे, ८ ते १८ व्होल्टवर चालते, वायरिंगमधले व्होल्टेजचे झटके सहन करायची सोय तिच्यात आहे, आणि १४.४ व्होल्टवर चार ओहमला सहा वॅटच्या आसपास देते. आठ ओहमचा स्पीकर लावला तर त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि तेवढं बस्स होतं. तिला हीटसिंक लावा आणि पत्र्याच्या डबीत बसवा. प्लास्टिकच्या डबीत बसवली तर तुम्ही पाच वॅटवर बोलायला लागलात की तुमचंच प्रसारण तिच्यात घुसतं आणि स्पीकर गुरगुरतो. येणाऱ्या आणि जाणाऱ्या वायरींवर रेडिओ लहरी अडवणारी फेराइटची क्लिप, आणि वायरी शक्य तितक्या आखूड.

वीज किल्लीनंतर चालू होणाऱ्या लाइनवरून घ्या, म्हणजे विसरलात तरी रात्रभरात बॅटरी उतरणार नाही. घेतल्या जागेजवळच दोन अँपिअरचा फ्यूज टाका. फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरजवळ टाकून उपयोग नाही, वायर मधे कुठे घासून बॉडीला लागली तर पेटणारा भाग त्याच्या आधीचा असतो.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी आली तर ती अल्टरनेटरची. ती सहसा तेव्हाच येते जेव्हा हँडीही गाडीच्या विजेवर आणि अ‍ॅम्प्लिफायरही, म्हणजे अर्थला दोन वाटा होतात. हँडी त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर ठेवला की शिट्टी जाते. जादा बॅटरी जवळ ठेवणं हा सगळ्यात सोपा इलाज. चार्जिंगवरच ठेवायचा असेल तर आवाजाच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. पेट्रोल गाडीत टिकटिक येते ती स्पार्क प्लगची. तुमची डिझेल आहे, तो त्रास तुम्हाला नाही. मोबाइलचा स्वस्त यूएसबी चार्जर मात्र एकदा उपटून बघा. पुष्कळदा अर्धी खरखर त्याचीच निघते.

एक काळजी. अ‍ॅम्प्लिफायर लावल्यावर स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारं सेटिंग, शून्यावर ठेवू नका. रिकाम्या चॅनेलची खरखर एकदम सहा वॅटने कानाशी फुटली तर चालक दचकतो, आणि घाटातल्या वळणावर ते नको.

काही वाचक हौशी सेटबद्दल नाही, तर पोलिस किंवा इतर खात्यांचे संदेश ऐकणाऱ्या स्कॅनरबद्दल हेच विचारतात. भारतात हौशी परवाना तुम्हाला हौशी पट्ट्यांपुरता हक्क देतो, इतरांचे संदेश ऐकण्याचा नाही, आणि त्यात मी मदत करत नाही. अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडे हातातले स्कॅनर असतात. तिथेही न्यूयॉर्क, फ्लोरिडा, केंटकी अशा काही राज्यांत असा स्कॅनर गाडीत ठेवण्यावर बंधनं आहेत, ती आधी वाचून घ्या. तांत्रिक भाग मात्र जसाच्या तसा लागू होतो, फक्त नुसत्या ऐकायच्या सेटमध्ये पीटीटीची भानगड नसते.

थोडक्यात तुमच्यासाठी: या आठवड्यात उभ्या गाडीतली चाचणी आणि वाइड-नॅरोचं सेटिंग. मग टपावरची अँटेना. मग आठ ओहमचा स्पीकर डाव्या खांद्यामागे, ४७ मायक्रोफॅरडसह, स्पीकर-माइकच्या भोकातून. इथेच बहुतेकांचं काम होतं. तुमचा ग्रुप दर पावसाळ्यात बाहेर पडणार असेल आणि खर्च झेपत असेल, तर अ‍ॅम्प्लिफायरवर पैसे घालण्याआधी गाडीत बसवायच्या मोबाइल रिगचा विचार करा. तिच्यात आवाजाला दोन-तीन वॅट आणि बाहेरच्या स्पीकरचं भोक मुळातच असतं, शिवाय प्रसारणाची ताकद हँडीच्या कितीतरी पट. तरीही अ‍ॅम्प्लिफायरच लावायचा ठरला, तर स्पीकर-माइकच्या जॅकवर मल्टिमीटरने काय आकडा आला तो कळवा, त्यावरून ट्रान्सफॉर्मर लागेल की नाही ते सांगतो.